हेल्याने तपासलेला कठडा

रंधा मारला की छिलपे पडतात. संध्याकाळी झाडून पोत्यात भरावेत, तर सकाळी पायाखाली पुन्हा तेवढेच! किश्श्यांचंही तसंच असतं. आम्हाला गावच्या तलावाकाठी, वाचनालयाला लागून एक लाकडी डेक बांधायचा होता, बस्स. डेक झाला एकच. किश्श्यांची पोती अजून भरतेय.

आमचं गाव सानगडीपासून जवळ. मी फिनलंडला पाच वर्षं लाकडी बांधकाम शिकले आणि डोक्यात एकच वेड घेऊन परत आले. लाकडाचे पाय कोरडे ठेवले तर ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, मग सागवानाच्या या मुलखात सगळीकडे सिमेंटचे खांब का? वाचनालय चालवणारे खोब्रागडे गुरुजी निवृत्त शिक्षक. त्यांनी माझं तासभर ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाषण बरं आहे. आता बांधून दाखव."

सुतारकाम सदाशिव मिस्त्रींकडे होतं. गिट्टी-सिमेंटचं काम वनिताताईंकडे. बोलण्याचं कामही वनिताताईंकडेच.

* * *

पहिल्या दिवशी मी मिस्त्रींपुढे लोखंडी बूट ठेवला. खांब जमिनीत पुरायचा नाही, खाली सिमेंटचा चबुतरा करायचा, त्यात हा बूट घट्ट बसवायचा आणि खांब बुटात उभा करायचा. लाकूड आणि सिमेंट यांच्यात बोटभर हवा!

मिस्त्रींनी बूट उलटासुलटा करून पाहिला.

"म्हंजे खांब जमिनीले टेकनारच नाही?"

"नाही, काका."

"पाच वर्षं तिकडं राहून तू हे शिकून आली? खांब अधांतरी ठेवाचं?"

वनिताताई घमेलं खाली ठेवत म्हणाल्या, "घाला ना बूट. पाच लेकरं वाढवली तुमी, एकाले तरी घातला होता का?"

* * *

मिस्त्रींनी कामाला होकार दिला, पण एक अट घातली. "मचान बांधून देतो. कठडा दुसऱ्याकडून करून घे."

मला कळेना. या मचानाला, म्हणजे आमच्या डेकला, कठडा नसेल तर वाचनालयात येणारी पोरं थेट तलावात! कारण शेवटी वनिताताईंनी सांगितलं.

आठ वर्षांपूर्वी मिस्त्रींनी तलावाच्या पायऱ्यांवर सागवानी कठडा केला होता. खांब हातभर सिमेंटमध्ये गाडलेले. दिसायला देखणा! त्यानंतर काही वर्षांनी त्यांच्या मुलीचं लग्न झालं आणि दिवाळीला आसगावहून व्याही आले, लहानूजी. मिस्त्री मोठ्या कौतुकाने त्यांना आपलं काम दाखवायला घेऊन गेले. लहानूजी कठड्याला टेकले, तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकायला जरासे वाकले आणि कठड्यासकट तलावात!

"पहिले टोपी वर आली," वनिताताई म्हणाल्या. "मंग खर्र्याची पन्नी आली. व्याही सगळ्यात शेवटी."

भांडण झालं नाही. लहानूजी तसे सज्जन माणूस. पण तेव्हापासून ते मिस्त्रींच्या घरी आले की कशालाच टेकत नाहीत. खुर्ची दिली तर खुर्चीच्या टोकावर बसतात. भिंतीजवळ सतरंजी टाकली तर ती ओढून खोलीच्या मधोमध घेतात आणि म्हणतात, "मी इथंच बरा."

तेव्हापासून मिस्त्रींनी कठडा केलेला नाही.

* * *

मी काय केलं? त्या जुन्या कठड्याचा एक खुंट पायऱ्यांवर अजून उभा होता. तो खणून काढला आणि मिस्त्रींसमोर आरीने उभा चिरला. वरचं लाकूड टणक, लालसर. सिमेंटच्या आत खोल गेलेलंही बरं. मधे, जिथे पाणी साचायचं आणि हवाही लागायची, तिथे चार बोटं नुसता भुसा.

मिस्त्रींनी त्या भुशात बोट घातलं. चिमूटभर भुसा बाहेर काढून चुरडला.

"मले वाटे, व्याह्याचं वजनच जास्त होतं," ते म्हणाले. मग हळूच, "कठडा मीच करतो, माय. पन एक सांगून ठेवतो. यक खांब बी हलला, तं आरी तुह्या हातात देऊन घरी बसन."

माझं भाषण तिथेच संपलं. पहिल्यांदाच!

* * *

बुटांची माझी ऐट फार दिवस टिकली नाही. वनिताताई चबुतऱ्यांवर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारायच्या, सिमेंट पक्कं व्हायची तराई. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. बघते तर प्रत्येक बुटात काठोकाठ पाणी! पाणी निघून जायला खाली भोक हवं, हे ऑर्डर देताना मी साफ विसरले होते. लाकडाचे पाय कोरडे ठेवणारी मी!

मिस्त्रींनी एका शब्दाने टोमणा मारला नाही. ड्रिल आणलं आणि मुकाट्याने प्रत्येक बुटाच्या तळाला भोक पाडत गेले.

टोमणा वनिताताईंनी मारला. "म्हनून तं आमी चप्पल घालतो!"

* * *

मग बोल्ट की खिळे, हा वाद. मिस्त्रींचा जीव खिळ्यांवर. मी म्हणाले, कठड्याला माणूस वर टेकतो आणि ओढ खाली बसते, खिळा हळूहळू उपसला जातो. आरपार बोल्ट हवेत, दोन-दोन, वर-खाली. कागदावर गणित करून दाखवलं.

मिस्त्रींनी कागद घडी करून खिशात ठेवला. "हेला बांधून पाहू."

हेला म्हणजे रेडा. आमच्याकडे धानाच्या बांधीत चिखलणीला जुंपतात तो. शेजारच्या ढिवरूचा हेला आणला, खिळ्यांनी ठोकलेल्या एका खांबाला वरच्या बाजूने दोर बांधला आणि समोर दहा हातांवर कोंडा-चुनीची बादली ठेवली.

हेल्याने बादलीकडे पाहिलं आणि तोंड फिरवून खांबाला मान घासायला सुरुवात केली. डोळे मिटून, मजेत. आम्ही चौघं ऊन खात उभे. गुरुजींचा पेपर वाचून झाला. शेवटी मिस्त्री म्हणाले, "राहू दे त्याले. चहा घेऊन येऊ."

परत आलो तर हेला नाही. खांबही नाही!

तासाभराने ढिवरू खांद्यावर खांब घेऊन आला. "हे घ्या मिस्त्री तुमचं. हेला पोचला घरी."

दुसऱ्या दिवशी तोच हेला कोपऱ्याच्या खांबाला बांधला. लोखंडी बूट, आरपार बोल्ट. या वेळी समोरून त्याची म्हैस गेली. हेल्याने असा हिसका दिला की दोर तुटला आणि तो थेट पाण्यात. खांब केसभर हलला नाही.

मिस्त्रींनी खिशातून माझा कागद काढला, उलगडून पाहिला आणि म्हणाले, "बराबर आहे तुहं."

* * *

कठड्याच्या दोन उभ्या पट्ट्यांमधून लहान पोराचं डोकं जाता कामा नये. हे माप तपासायला मिस्त्रींनी सोललेला नारळ आणला. नारळ जाईल ती फट चुकली.

गुरुजी आधीच सांगून बसले होते, "डेक सुरू करताना नारळ-बिरळ फुटनार नाही. सायबाच्या नावाचं वाचनालय आहे हे, इथं पूजापाठ नाही."

सगळ्या फटी पास झाल्या. शेवटची राहिली. मिस्त्रींना शंका आली, म्हणून त्यांनी नारळ जरा जोरात हाणला. फट्‌! पाणी सगळं गुरुजींच्या चपलेवर.

 गुरुजींनी वाकून खोबऱ्याचा तुकडा उचलला, फुंकला आणि तोंडात टाकला. "हा मापाचा नारळ आहे," ते चावत म्हणाले. "मापाचा चालते."

* * *

डेक सुरू झाला त्या रविवारी आसगावहून लहानूजीही आले. सगळं गाव आलं होतं, पण सगळ्यांना तलावात तरंगलेली ती टोपी आठवत होती. पोरंटोरं, बाया, म्हातारे, सगळे फोटोला उभे राहावेत तसे डेकच्या मधोमध दाटीने उभे. तिन्ही बाजूंचा कठडा रिकामा. अगदी मधोमध लहानूजी.

मी दोनदा मुद्दाम कठड्याला टेकून दाखवलं. कुणी हललं नाही. मिस्त्री तिकडे बघतही नव्हते. वाचनालयाच्या दाराच्या कडीला तेल देत होते. त्या कडीला त्या दिवशी निदान चार वेळा तेल दिलं असेल.

जेवणं झाली, लोक पांगले. लहानूजींना सुस्ती आली होती. पेपर हातात घेऊन ते डेकवर एकटेच घुटमळले. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी कोपऱ्याच्या खांबाला एक बोट लावलं. मग तळहात. मग आजूबाजूला पाहून घेतलं, पाठ वळवली, टेकून खाली बसले, पाय पसरले आणि तोंडावर पेपर घेतला. पाच मिनिटांत घोरायला लागले!

मी मिस्त्रींना सांगायला धावले. दाराशी नाहीत. घरी नाहीत. पंगत बसली होती तिथेही नाहीत. भांडी गोळा करणाऱ्या वनिताताईंनी काही न बोलता बोटाने खाली दाखवलं.

मी वाकून डेकच्या खाली पाहिलं. मिस्त्री नव्या कोऱ्या पायजम्यात, गुडघाभर चिखलात उभे. कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारलेली, गाल लाकडाला लावलेला.

"काका! कायले धरून राहिले?" मी ओरडले. "हेल्यानं बी नाही हलला थो!"

"हळू बोल ना, माय," मिस्त्री कुजबुजले. "हेला काय माहा व्याही होता?"