मिलकाबाईंच्या चौकटीवरची डबी

आमच्या गल्लीची मला किळस येते, आणि गल्लीत मीही आलोच.

मिलकाबाई किहीमकर वसमतच्या दवाखान्यात नर्स होत्या. मूळच्या अलिबागकडच्या, बेने इस्राएली ज्यू. रिटायर झाल्या तरी इथंच राहिल्या. निम्म्या गल्लीची बाळंतपणं त्यांनीच केलेली. घरात देव्हारा नाही की तसबीर नाही. फक्त दाराच्या चौकटीला बोटभर लांबीची पितळी डबी, तिरकी ठोकलेली. आत-बाहेर करताना बाई डबीला बोटं लावून ती ओठांना टेकवायच्या.

मी एकदा विचारलं, यात तुमचा देव आहे का?

"देव डबीत कसा मावेल?" त्या म्हणाल्या. "त्याला शरीर नाही, रूप नाही, जोडीला दुसरा कुणी नाही. तो एकच आहे, हे आत चामड्याच्या पट्टीवर हातानं लिहिलंय. वडिलांनी दिलेली पट्टी आहे."

मी शाळेतला क्लार्क, मला समजलं. तरी शेजारच्या आशाबाईनं विचारलं तेव्हा "नर्सबाईंचा देव डबीत असतो" असं सांगून मोकळा झालो. खरं काय ते सांगायला दोन वाक्यं जास्त बोलावी लागली असती.

आशाबाईच्या नातवाचा ताप उतरला तो मिलकाबाईंच्या गोळ्यांनी. श्रेय लाटलं डबीनं. मग हळदकुंकू आलं, तेल आलं. आमचा तेल वाहायचा वार शनिवार, आणि बाई नेमक्या शनिवारी कुठल्याच कामाला हात लावत नाहीत, त्यांच्या धर्मात तो विसाव्याचा दिवस. त्यामुळे दिवसभर चौकटीवरून ओघळ, त्यांवर माश्या, खवट वास, उंबऱ्याशी नारळाचं आंबलेलं पाणी. बघून शिसारी यायची. रविवारी बाई साबणानं घासत बसायच्या.

"आशाबाई, हा देव नाही हो. नका करू असं."

"आमी करून राहिलो ना त्याचं," आशाबाई म्हणायची. "तुमी काहून तकलीफ घेता?"

एका रविवारी बाईंनी डबी उघडली. तेल आत उतरलं होतं. शाई फुटून देवाच्या नावातलं एक अक्षर डागात गेलं होतं.

"एक अक्षर गेलं की सगळी पट्टी बाद," त्या मला म्हणाल्या. पट्टी त्यांनी कापडात गुंडाळली. अलिबागच्या कबरस्तानात नेऊन पुरणार होत्या, वडिलांजवळ. डबीही काढून घेतली.

पुढच्या शनिवारी चौकटीवर खिळ्यांची दोन भोकं तेवढी होती. सकाळी त्या भोकांना कुंकू लावत माझीच बायको उभी, संगिता, आणि तिच्या मागं मी. मिलकाबाई दारात आल्या.

"संगिता, आता तर तिथं काहीच नाही गं."

"दिसत न्हाई म्हणून काय झालं, बाई?" संगिता म्हणाली. "देव हायच की."

मिलकाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. गल्लीत हे समजावून सांगू शकणारा मी एकटाच होतो. संगितानं हात मोकळा व्हावा म्हणून तेलाची वाटी माझ्यापुढं केली, आणि मी ती धरली.