लोपीस मॅडमची वही

लोपीस मॅडम आज सकाळी गेल्या. त्यांच्या हक्काची नोकरी मी करतोय.

हे वाक्य वीसेक वर्षं तोंडात घोळवलं. त्या असताना बाहेर निघालं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मॅडम नंदाखाल गावच्या. आमच्या कॉलेजात एफवायला मराठी लेखन शिकवायच्या, तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनमध्ये नेमणूक, एप्रिलमध्ये ब्रेक. पुन्हा जूनमध्ये नवा अर्ज, नवा इंटरव्ह्यू.

ज्या विभागप्रमुखांबरोबर वर्षभर चहा प्यायच्या, तेच जूनमध्ये टेबलापलीकडून म्हणायचे, "तुमची थोडक्यात ओळख करून द्या."

आणि मॅडम द्यायच्या. पंधरा वर्षं दिली.

मी त्यांच्या वर्गात आलो तो चांदीपहून, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. घरी भातशेती. शुद्ध मराठीची इतकी धास्ती, की हजेरीला 'येस मॅडम'सुद्धा हळूच म्हणायचो.

पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "निबंध नकोय मला. घरी जा, आई दिवसभरात जे बोलेल ते लिहून आणा. तिच्याच भाषेत. एक शब्द जरी सुधारलात तर वही परत देईन."

माझ्या वहीतलं पहिलं वाक्य होतं, "लिवतस काय बसून? आदी पानी आन."

वर्ग खो खो हसला. मॅडम नाही हसल्या.

मला म्हणाल्या, "घरत, ही बाई मला एका ओळीत दिसली. तुझ्या दहा पानी निबंधात दिसली नसती."

पुढे वर्षभर त्या सगळं त्याच वहीवरून शिकवायच्या. आईची तक्रार घेऊन तलाठ्याला अर्ज करा. आईचा राग घेऊन मामाला पत्र लिहा. अर्नाळ्याच्या मुली मासळीबाजारातली भांडणं लिहून आणायच्या, तेव्हा मात्र मॅडम डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायच्या.

वर्गात त्या वहीचं नाव पडलं, आईची वही.

त्या वह्या ठेवायला स्टाफरूममध्ये जागा नव्हती. कपाटं पर्मनंट लोकांची. मॅडम साठ-साठ वह्या दोन कापडी पिशव्यांत भरून एसटीने घरी न्यायच्या आणि तपासून परत आणायच्या.

मी एमए केलं ते त्यांच्यामुळे. प्राध्यापकीसाठी लागणाऱ्या सेट परीक्षेची तयारीही त्यांनीच करून घेतली. त्या स्वतः तिसऱ्या खेपेला पास झाल्या, मी पहिल्या खेपेला. स्टाफरूममध्ये पेढे वाटले त्यांनी, तेही माझ्या नावाने.

मग पर्मनंटची जागा निघाली. एकच. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"तूही अर्ज कर," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी थांबलास तर मला राग येईल हं."

माझ्या अर्जातल्या दोन चुकाही त्यांनीच काढून दिल्या.

इंटरव्ह्यूच्या दिवशी बाहेरच्या बाकावर आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. आडनावाच्या क्रमाने बोलावत होते. घरत आधी, लोपीस नंतर.

आत बाहेरगावच्या तज्ज्ञांनी विचारलं, "पहिल्या वर्षाच्या मुलांना लिहितं कसं कराल?"

डोकं बंद.

आणि मी म्हणालो, "सर, माझी एक पद्धत आहे. आईची वही."

माझी. हाच शब्द वापरला मी.

सगळं सांगितलं. 'आदी पानी आन'सुद्धा. तज्ज्ञ खूश. विभागप्रमुखांना ती वही कुणाची ते पक्कं माहीत होतं. ते समोरच्या फाइलमध्ये बघत बसले.

बाहेर आलो. मॅडमनी डोळ्यांनीच विचारलं, कसा झाला?

मी "ठीक" म्हणालो आणि पाणी प्यायला लागलो. माझ्या हातात अर्धं मिनिट होतं. 'मॅडम, वहीचं बोलू नका, मी बोलून बसलोय.' एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

नाही सांगितलं.

त्या आत गेल्या. दार नीट लागत नव्हतं, बाकावर सगळं ऐकू येत होतं. तोच प्रश्न. मॅडमनी तेच उत्तर सुरू केलं.

"मॅडम, हे आत्ताच आधीच्या उमेदवाराने सांगितलं. तुमचं स्वतःचं काही असेल तर सांगा."



त्या म्हणू शकत होत्या, तो माझा विद्यार्थी आहे. तसं नाही म्हणाल्या.

बाहेर येऊन पदर सारखा केला. "छान बोललास म्हणे, घरत. चल, चहा घेऊ."

मला जागा मिळाली.

पुढची चार वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये होतो. मला कपाट मिळालं. म्हटलं, "मॅडम, अर्धं तुम्ही वापरा ना."

"नको रे. एप्रिलमध्ये परत रिकामं करावं लागेल."

मग एका जूनमध्ये तासांचा वर्कलोड कमी झाला आणि त्यांना बोलावणंच गेलं नाही. निरोपसमारंभ झाला नाही. कागदावर त्या दर एप्रिलमध्ये गेलेल्याच होत्या.

मीही वर्गात आईची वही लिहून घेत होतो; मुलं तिला 'घरत सरांची वही' म्हणू लागली. रिफ्रेशर कोर्सला मी तिच्यावर पेपर वाचला. टाळ्या घेतल्या. लाज वाटते लिहिताना.

गेल्या महिन्यात नंदाखालला गेलो होतो. आज बोलायचंच असं ठरवून. मॅडम खाटेवर होत्या, आवाज अगदी बारीक झालेला.

"आईची वही अजून लिहून घेतोस?"

"हो मॅडम."

"मुलं लिहितात?"

"लिहितात."

"मग झालं तर."

त्यांनी डोळे मिटले. मी थोडा वेळ बसलो आणि केळीच्या वाडीतून रस्त्यावर आलो. तेव्हाही नाहीच सांगितलं.

म्हणून आज इथे लिहितोय, सगळ्यांसमोर.

ज्यांनी ज्यांनी माझ्याकडे ती वही लिहिली, त्यांना हात जोडून विनंती. माळ्यावर कुठे असेल तर काढा. पहिल्या पानावर 'शिक्षक' या शब्दापुढे माझं नाव आहे. ते खोडा.

लोपीस मॅडम, असं लिहा.

उद्या दुपारी चर्चमध्ये त्यांची मिस्सा, म्हणजे अंत्यविधीची प्रार्थना आहे. मी शेवटच्या बाकावर असेन.

मॅडम, चोरी मी केली होती. तुम्हाला ते माहीत होतं, आणि तरी तुम्ही मला चहाला नेलंत.

जड मनाने निरोप देतो, मॅडम.