बोटाला बांधलेली पट्टी

११ जानेवारी. तीन किलो मटार सोलायचे होते. भोपाळच्या थंडीत आमच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या बायका दुपारभर उन्हाच्या मागे खाटा सरकवत बसत, तशी मीही बसले होते. शेजारच्या क्वार्टरमधल्या केरळच्या आंटी माझ्यासमोर टॅटिंग करत होत्या. बोटभर लांबीचं, होडीसारखं शटल त्यांच्या हातात असं फिरायचं की यात अवघड काही नसावं असं वाटे. डाव्या हातावर धाग्याचा वेढा घ्यायचा, शटलने त्यावर गाठी घालायच्या आणि धागा ओढला की वेढ्याची कडी मिटते. कडीला कडी जोडत लेस होते. सांगायला एवढंच.

"हम लोग मार्च में जा रहे हैं," त्या म्हणाल्या. "साहब रिटायर हो रहे हैं।"

म्हणजे क्वार्टर सुटणार, हे ओघानेच आलं. त्यामागून खरी बातमी आली. लेडीज क्लबातला त्यांचा टॅटिंगचा वर्ग चालवायला कुणी मिळालं नाही, तर ती खोली टेबल टेनिसला जाणार होती. अध्यक्षबाईंनी एवढंच कबूल केलं होतं की सव्वीस जानेवारीच्या प्रदर्शनात आंटी जिचं काम पास करतील, तिला वर्ग देऊ.

मला तो वर्ग हवा होता. आमच्या क्लबात बायका नवऱ्याच्या ग्रेडप्रमाणे बसत. माझे यजमान फोरमन, म्हणून माझी खुर्ची मागच्या ओळीत, पंख्याच्या खडखडाटाखाली. शिकवणाऱ्या बाईला मात्र पुढेच उभं राहावं लागतं, तिचा नवरा कोणीही असो.

अडचण एकच होती. काम हातात आलं की आंटी ते आधी उलटं करून बघत. गोल रुमाल करताना एक फेरी संपली की आम्ही सगळ्या धागा कापायचो आणि पुढची फेरी नव्या धाग्याने सुरू करायचो. मागे गाठी आणि धाग्यांची टोकं राहायची. आंटींच्या रुमालाला मागे काही नसे. फेरीतली शेवटची कडी त्या दोन शटलांनी करत, अर्धी एकाने, अर्धी दुसऱ्याने. त्यामुळे दोन्ही धागे कडीच्या वरच्या टोकाला निघत आणि तिथूनच पुढची फेरी सुरू होई. कापायचं कामच नाही.

ही अर्धी-अर्धी कडी मला जमत नव्हती. टॅटिंग शिकताना सगळा त्रास असतो तो गाठ उलटवण्याचा. शटलने घातलेली गाठ, डाव्या हाताचं मधलं बोट किंचित वाकवून, एका धाग्यावरून दुसऱ्यावर ढकलायची. ते जमलं की टॅटिंग आलं. आणि या कडीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात गाठ मुळीच उलटवायची नसते! जे बोटाला मारून-मुटकून शिकवलं, तेच त्याने करायचं नाही. माझं बोट ऐकेना. एक गाठ जरी उलटली तरी धागा अडकतो, कडी मिटत नाही. पांढऱ्या धाग्यावर पांढऱ्या गाठी, त्यात चूक कुठे झाली तेही दिसत नाही. कात्री घ्यायची आणि सगळं कापून टाकायचं.

"सोचो मत," आंटी म्हणाल्या. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. विचार न करताच तर बोट वाकत होतं.

वरच्या मजल्यावरच्या नागपूरच्या काकू रोज उतरताना डोकावत. "काय हो वहिनी, अजून तेच कडं? माझ्या स्वेटरच्या बाह्या झाल्या नं."

"तुमचं स्वेटर कोणी उलटं करून बघत नाही."

"बघू द्या नं! आत माझा नवराच तर असते."

भोगीच्या दिवशी भाजी चिरताना विळीवर माझं डावं मधलं बोट कापलं, नेमकं सांध्यावर. दवाखान्यातल्या ड्रेसरने घसा बघायची लाकडी पट्टी अर्धी मोडली, बोटाखाली ठेवली आणि वरून बँडेज आवळलं. "चार दिन उँगली मोड़ना नहीं।"

"चला, आता तरी त्या धाग्याला सुट्टी," यजमान म्हणाले.

सुट्टी घ्यायला माझ्याकडे दिवस नव्हते. आदल्या दिवशी एक कडी अर्धी करून ठेवली होती. संध्याकाळी भाजी शिजायला ठेवली, ती कडी हातात घेतली आणि दुसऱ्या शटलने उरलेल्या गाठी घालू लागले. बोट खिळ्यासारखं ताठ. वाकायचं म्हटलं तरी वाकेना. वेळ दुप्पट लागला. शेवटची गाठ घातली, धागा ओढला आणि कडी लोण्यासारखी सरकत मिटली.

"झाली!" मी एवढ्याने ओरडले की यजमान बाहेरून धावत आले.

"काय झालं? पुन्हा कापलं?"

"कडी मिटली. बोट बांधलं होतं म्हणून."

"म्हणजे तुला सुधारायला बांधूनच ठेवायला हवं होतं."

"मला नाही, बोटाला. आणि भाजी करपतेय, गॅस बंद करा."

जखम भरली, पण पट्टी मी टाकली नाही. गरम पाण्याने धुतली. कडीचा पहिला अर्धा भाग मोकळ्या बोटाने करायचा, दुसऱ्या भागाच्या वेळी जुन्या धोतराच्या चिंधीने पट्टी बांधायची. मिटेल तीच कडी रुमालात राहिली. चौथ्या फेरीला धागा ओढून झाल्यावर बघते, तर पट्टी सुटून खाटेखाली पडलेली. कधी पडली, कळलंच नव्हतं. बोट शहाणं झालं होतं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन आटोपल्यावर प्रदर्शन मांडलं. माझ्या टेबलाशी आल्यावर आंटींनी रुमाल उचलला आणि उलटा केला. अंगठ्याचं नख एकेका फेरीवरून फिरवलं. मग खिडकीच्या उजेडात धरला.

"कहाँ काटा?"

"काटा ही नहीं।"

त्यांनी पुन्हा नख फिरवलं. नागपूरच्या काकूंना धीर धरवेना. त्यांनी रुमाल हातातून काढूनच घेतला, दोनदा उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "याची सुलटी बाजू कोणती हो, वहिनी?"

मला बक्षीस मिळालं ते तिथेच. बाकीचे नुसते सोपस्कार. आंटींनी जुडग्यातून वर्गाच्या कपाटाची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली आणि अध्यक्षबाईंकडे वळून म्हणाल्या, "टेबल टेनिस कहीं और खेलना, मैडम।" अध्यक्षबाई हसल्या. नाही म्हणायला त्यांना काही कारण उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांचा डबा भरून दिला आणि थेट दवाखाना गाठला. ड्रेसरने माझं बोट बघितलं. व्रण चांगला होता. मी घसा बघायच्या डझनभर पट्ट्या मागितल्या.

"किसका गला खराब है, भाभीजी?"

"किसी का नहीं," मी म्हटलं. "मेरी क्लास है।"