साक्षीदाराची सही

सबनीस सर गेल्याचं बाबांनी दम्मामहून फोनवर सांगितलं, तेव्हा मला आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं, आता खरं काय ते कधीच कळणार नाही…

सर सौदीतल्या दम्मामच्या एका कंत्राटदार कंपनीचं कायद्याचं काम पाहत. बाबा तिथेच इंजिनिअर. पुण्यात लॉच्या चौथ्या वर्षाला असताना मी सुट्टीत आईबाबांकडे गेले आणि सरांच्या हाताखाली सहा आठवड्यांची इंटर्नशिप केली. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "कागद खरा धरून वाचायचा नाही. कोणी लिहिला, कोणासमोर, कोणाच्या सोयीचा… हे आधी." माझ्या इंटर्नशिपच्या डायरीवर ते रोज सही करत, पण 'अमुक साहेबांना भेटले' एवढं लिहिलं, तरी विचारत, "कशावरून?" मला या शंकेखोरपणाचा कंटाळा यायचा.

चौथ्या आठवड्यात दिनेशची तक्रार आली. गुहागरचा वेल्डर, कंपनीच्या कामगार कॅम्पमध्ये राहणारा. परांचीवरून पडून पाठ दुखावली, आणि पुढच्याच आठवड्यात त्याने आपणहून राजीनामा दिला, असं कंपनीचं म्हणणं. सरांनी मला त्याच्याशी बोलायला बसवलं.

"ताई, मी रजेचा अर्ज समजून सही केली," दिनेश म्हणाला. "अरबी कुठं येतं मला?"

मी तो राजीनामा फाइलमधून काढला. खाली साक्षीदाराची सही होती. सबनीस सरांची.

दोन दिवस मी गप्प राहिले. ही फाइल त्यांनी मला शिकवायला दिली, की कंपनीचं उत्तर मुकाट्याने लिहून घ्यायला? शिवाय बाबांची नोकरी त्याच छपराखाली… तिसऱ्या दिवशी कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"सर, ही सही तुमची?"

त्यांनी कागद जवळ ओढला. "माझीच. मला अरबी वाचता येतं. त्या दिवशी कागदांचा गठ्ठा होता… मी वाचलं नाही."

"वाचलं नाही, की…"

"विचार. पूर्ण विचार."

माझी हिंमत झाली नाही.

त्याच दुपारी त्यांनी स्वतःचा जबाब लिहिला: हा मजकूर कामगाराला वाचून दाखवला गेला नव्हता. तो जबाब लेबर ऑफिसात पोचला. दिनेशचा राजीनामा रद्द झाला, पाठीवर उपचार झाले. सरांना मात्र महिन्याभरात 'खलास', म्हणजे नोकरी संपली, असं सांगितलं गेलं, आणि ते नाशिकला परतले.

पुढे एकदा भेटले तेव्हा म्हणाले, "तू विचारावंस म्हणूनच ती फाइल दिली होती." मी मान डोलावली. विश्वास ठेवला नाही. मी विचारलंच नसतं तर?

गेल्या आठवड्यात नाशिकला सरांच्या पत्नीला, काकूंना, भेटायला गेले. आम्ही बोलत असताना रजिस्टर पत्र घेऊन पोस्टमन आला. दाराशी त्यांचा मुलगा उभा होता, तरी काकू लगबगीने पेन घेऊन उठल्या. मग एकदम थांबल्या.

"तिकडून आल्यापासून हे कशावर सहीच करत नव्हते गं… प्रत्येक वेळी मलाच पुढे करायचे."

मुलाने सही केली, पत्र घेतलं. काकू पेनाचं टोपण काढून तशाच उभ्या होत्या.