हँडगार्ड पारखणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांना एखादी वस्तू पसंत पडल्याचं अख्ख्या बदलापुरात कुणी पाहिलेलं नाही. हेंद्रेपाड्यातल्या त्यांच्या घरी पेढे नेले तरी ते आधी खोका उलटा करून बघतात. मोरिवलीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाल्यावर माणसाने देवळात बसावं, तर हे अंबरनाथच्या नेमबाजी क्लबात जाऊन एअर रायफल शिकले आणि दरवर्षी ज्येष्ठांच्या स्पर्धेत उभ्याने नेम धरू लागले. ज्येष्ठांना बसून, टेबलावर रायफल टेकवून मारायचीही सोय आहे. मामा तिला ‘पेन्शनीतला नेम’ म्हणतात.

अलीकडे त्यांनी एकच ध्यास घेतला होता, हँडगार्डचा. म्हणजे रायफलीच्या नळीखालचा, डाव्या हाताने पेलायचा भाग. कंपनीचं हँडगार्ड जड, बाहेरून हलकं बनवून घेतलं की काम झालं, असं त्यांचं ठाम मत. उल्हासनगर कॅम्प एकमधला एक सिंधी दुकानदार त्यांना ॲल्युमिनियमचे, कार्बन फायबरचे नमुने आणून द्यायचा आणि मग घरात परीक्षा सुरू व्हायची. नमुना दुपारभर गच्चीवर तापवून चटका बघायचा. तळव्याला खोबरेल चोळून, घामेजल्या हातातून निसटतो का ते बघायचं. शेवटी तो रिकाम्या रायफलीला चढवायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या एकादशीवर नेम धरून उभं राहायचं. आम्ही ताटं वाढून ताटकळत बसलेले. थोड्या वेळाने रायफल खाली यायची आणि निकाल लागायचा, “जड आहे.”

“अहो, दुधीभोपळ्याहून हलकं आहे हे!” मामी एकदा वैतागून म्हणाल्या.

“दुधी खांद्याला लावून उभं राहायचं नसतं,” मामा म्हणाले.

दुकानदारही हट्टाला पेटलेला. त्याने पत्रा पातळ केला, भोकं पाडली, भोकांच्या मधे आणखी भोकं पाडली. “मामा, अब इससे हलका किया ना, तो खाली भोकंच उरतील, साईं!”

“मग ती तरी नीट पाड.”

मी पोट धरून हसलो होतो. मग हळूहळू लक्षात आलं, की नमुने हलके होत चालले होते आणि मामांची रायफल मात्र दर वेळी आणखी लवकर खाली येत होती. मामींना ते माझ्या आधी दिसलं होतं. स्वयंपाकघरात त्या हळूच म्हणाल्या, “काही बोलू नका हं जावईबापू. हँडगार्डलाच दोष देऊ दे त्यांना.” मला फार वाईट वाटलं.

यंदा स्पर्धेआधीच्या सरावाला मीच त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो. मामा उभे राहिले, रायफल उचलली आणि नळी थरथरू लागली. एकही छर्रा न मारता त्यांनी ती खाली ठेवली. डाव्या हाताकडे जरा वेळ पाहिलं आणि क्लबच्या सेक्रेटरींना म्हणाले, “माझं नाव बसून मारणाऱ्यांत लिहा.”

स्पर्धा झाली, मामांना बक्षीसही मिळालं. त्यानंतरच्या रविवारी दुकानदार नवा नमुना घेऊन हजर. त्या बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. चहा टाकायला उठलेल्या मामी दारातच थबकल्या. मामांनी नमुना गच्चीवर नेला नाही, खोबरेल मागितलं नाही. क्षणभर तळहातावर धरला आणि म्हणाले, “हलकं आहे. छान केलंस.”

दुकानदाराचा चेहरा उजळला. मामींनी डोळ्यांना पदर लावला. मामांनी निदान एखादी तरी खोट काढावी, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो होतो.