कुंपणापलीकडची पात

पुण्याहून आमची बस पहाटे पाचला निघाली. दोन रांगांमधल्या वाटेत काळ्या रबरी फरशीच्या सहा गुंडाळ्या पडलेल्या होत्या. नाट्यगृहातल्या फळ्यांचा भरवसा नसतो, म्हणून नाचणाऱ्यांना स्वतःची फरशी गावोगाव न्यावी लागते. चहाला उतरायचं तर त्या गुंडाळ्यांवरूनच चालत जावं लागे. मी या संचाची फिजिओथेरपिस्ट. सहा वर्षं यांचे गुडघे, घोटे आणि कंबरा सांभाळते आहे. नाच मला बेताचाच कळतो, आणि मराठवाडा मी तोवर नकाशातच पाहिला होता.

दौरा निघाला होता तो शरयूताईंच्या कामाला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून. ताई सत्तरी ओलांडलेल्या. त्या बसवतात त्या नृत्यांत घुंगरू नसतात, देवादिकांच्या कथाही नसतात. पाण्याच्या टाकीपाशी ताटकळणं, ओझं उचलणं, वाट बघणं अशा हालचालींतून त्यांचा नाच उभा राहतो. त्यांचं सगळ्यांत गाजलेलं नृत्य 'पात'. खुरपताना एकेका बाईने धरलेल्या पिकाच्या ओळीला पात म्हणतात. ताईंचे वडील लोह्याजवळच्या एका खेड्यात शिक्षक होते. आठ-नऊ वर्षांच्या ताई शाळेच्या कुंपणाशी उभ्या राहून पलीकडच्या रानात खुरपणाऱ्या बाया बघायच्या, आणि त्या आठवणीतून हे नृत्य झालं. म्हणूनच शेवटचे दोन प्रयोग नांदेड आणि लातूरला ठेवले होते.

बीड सोडल्यावर सपाट काळी जमीन सुरू झाली. सोयाबीन निघून गेलेली मोकळी रानं, मधेच तुरीचा पिवळा फुलोरा, आणि रस्त्याकडेला उसाच्या गाड्या. माझ्या शेजारी मैथिली उजवा पाय गुंडाळीवर लांब करून बसली होती. ती 'पात'मध्ये सगळ्यांत पुढे असते. तिच्या उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली तीन महिने दुखत होतं. मी प्रत्येक प्रयोगाआधी तिथे पट्टी बांधत होते आणि प्रयोगानंतर बर्फ लावत होते.

नांदेडला पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. बर्फासाठी मी नाट्यगृहाजवळची रसवंती गाठली. मालकाने फळकुटावर बर्फ फोडता फोडता विचारलं, "कोणाचा गुडघा दुखून राहिला?" मी बर्फ कशासाठी हवा ते सांगितलंच नव्हतं. माझ्या हातातली पट्टीची गुंडाळी त्याने ओळखली होती. त्याची बायको तसलीच पट्टी लावते, असं त्याने सांगितलं आणि एक मूठ बर्फ वर घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे गुरुद्वाऱ्यात लंगरला गेलो. आम्ही डोक्यावर ओढण्या घेऊन पंगतीत मांड्या घातल्या. मैथिलीला मांडी घालता येईना. तिने दोनदा प्रयत्न केला आणि मग पाय पुढे करून बसली. वाढणाऱ्या सरदारजींनी काही न विचारता तिला कोपऱ्यातला बाक दाखवला. तिथे चार म्हातारी माणसं जेवत होती. चोवीस वर्षांची मैथिली त्यांच्यात जाऊन बसली आणि खाली मान घालून डाळ-रोटी जेवली. ताईंनी ते पाहिलं.

बाहेर पडल्यावर मी ताईंना गाठलं. 'पात'च्या शेवटी सात मुली टाचा उचलून, चवड्यांवर उकिडव्या बसून बारा पावलं पुढे सरकतात आणि बाराव्या पावलाला तिथूनच एकदम उसळून उभ्या राहतात. टाळ्या हमखास तिथे पडतात. मी ताईंना सांगितलं की गुडघा जातो तो याच बारा पावलांत. याच नृत्यातल्या तीन मुलींवर मी आतापर्यंत उपचार केले होते, आणि तिघींनीही नंतर नाच सोडला होता. निदान या दोन प्रयोगांपुरती ती पावलं गाळावीत, असं मी सुचवलं.

ताई शांतपणे म्हणाल्या, "ती काढली तर 'पात'मध्ये उरतं काय? मी स्वतः वीस वर्षं नाचले आहे ती."

त्यांचे दोन्ही गुडघे आता धातूचे आहेत, हे मी बोलले नाही. ते त्यांनाही माहीत होतं.

संध्याकाळचा प्रयोग ठीक झाला. नाट्यगृह अर्धं भरलं होतं. मैथिली उसळून उभी राहिली तेव्हा टाळ्या पडल्या, आणि विंगेतून मला तिचा आवळलेला जबडा दिसला. प्रयोगानंतर ताईंना शाल दिली, भाषणं झाली. संयोजकांनी हौसेने त्या खेड्यातल्या सात-आठ बाया जीप करून आणल्या होत्या, कारण नाच त्यांच्याच रानातला. त्यांच्यातल्या गयाबाई ताईंच्याच वयाच्या. हिरवं लुगडं, चांदीची पाटली. त्यांना ताई अंधूक आठवत होत्या. मास्तरांची पोरगी कुंपणाला उभी असायची, आणि आपण आईच्या शेजारची पात धरलेली असायची, असं त्यांनी सांगितलं. ताईंना मात्र त्या आठवत नव्हत्या. संयोजकांनी गयाबाईंना विचारलं, नाच कसा वाटला.

"चांगला हाय," गयाबाई म्हणाल्या. "पण खुरपायला असं कोणी बसत न्हाई."

लोक हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, म्हणजे कसं?

"चवड्यावर दिवसभर कोण बसंल? सांजच्याला उठता यायचं न्हाई." मग त्यांनी सहज विचारलं, "उद्या लातूरला जाऊन राहिल्या न्हवं? गाव वाटंतच हाय. या, दाखविते."

सकाळी गोदावरीचा पूल ओलांडून आम्ही लोह्याच्या रस्त्याला लागलो. थंडी होती, पुलाखाली पाण्यावर धुकं होतं. ताईंनी ड्रायव्हरला गावात वळायला सांगितलं तेव्हा मला जरा नवल वाटलं. शाळेला आता विटांची भिंत आहे. तिच्या मागे गयाबाईंच्या मुलाचं हरभऱ्याचं रान होतं आणि पाच बाया पाती धरून बसलेल्या होत्या.

गयाबाईंनी लुगडं सावरलं आणि सरीत बसल्या. डावं पाऊल टाचेसकट जमिनीवर टेकलेलं, उजवी नडगी मातीवर आडवी, आणि सगळा भार मागे. उजव्या हातात खुरपं, डाव्या हाताने गवत. पुढे सरकायचं ते बुडाने, पावलाने नाही. चार हात सरकल्यावर त्यांनी पाय बदलला, म्हणजे उजवं पाऊल टेकलं आणि डावी नडगी आडवी केली. त्यात घाई नव्हती, झटका नव्हता. माझं लक्ष अर्थातच गुडघ्यांकडे होतं. वाटीवर भारच येत नव्हता.

मैथिली विचारण्याआधीच शेजारच्या सरीत बसली. गयाबाईंनी तिची टाच हाताने दाबून खाली टेकवली. मैथिली दहा-बारा हात सरकली, पाय बदलला, पुन्हा सरकली. हरभऱ्याची आंब (पानांवरचं खारट-आंबट दव) तिच्या बोटांना लागली होती. तिने ती चाटून पाहिली.

मी गयाबाईंना विचारून त्यांचे गुडघे तपासले. सत्तरीच्या मानाने चांगले होते. कंबर मात्र धरलेली होती, सरळ उभं राहायला त्यांना वेळ लागला. त्या म्हणाल्या, "आमची कंबर जाती. गुडघे ऱ्हातेत."

ताई बांधावर उभ्या होत्या. त्यांना खाली बसता येत नाही. त्या बराच वेळ बायांच्या पायांकडे बघत होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कुंपण काट्यांचं होतं. खाली दाट फांद्या रचलेल्या असायच्या. मला वरून फक्त पाठी दिसायच्या. पाय मी मनाने लावले."

मी काही बोलायच्या आत त्या बसकडे निघाल्या. आम्हाला बांधावर भाकरी, हरभऱ्याच्या पानांची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी मिळाली. ताईंनी बसमध्ये नुसता चहा घेतला. निघताना त्यांनी गयाबाईंना नमस्कार केला, पण नाच म्हणजे काही खुरपणी नव्हे, हेही ऐकवलं. गयाबाईंनी "हाव" (होय) म्हटलं आणि परत सरीत जाऊन बसल्या.

अहमदपूरच्या पुढे बसचं मागचं चाक बसलं. बाभळीखाली एक पंक्चरचं दुकान होतं आणि पुढे मोकळं सारवलेलं अंगण. अर्धा-पाऊण तास लागणार होता. मुली सावलीत बसल्या. ताई सगळ्यांत शेवटी उतरल्या, गुंडाळ्यांवरून जपून, दांडी धरून. त्या सरळ मैथिलीपाशी गेल्या.

"तिथे बसलीस तेव्हा दुखलं नाही?"

"नाही, ताई."

"आणि काल?"

"काल दुखलं. रोजच दुखतं."

ताईंनी तिला अंगणात तसंच बसून दाखवायला सांगितलं. मग बाकीच्या सहाजणींना तिच्या मागे बसवलं. गाव सोडल्यापासून न बोललेल्या ताई आता भराभर बोलत होत्या. टाच टेकव, भार मागे ने, खांदे सोड. पाठी त्यांनी आहेत तशा ठेवल्या, कारण पाठी बरोबर होत्या. अडचण आली ती बाराव्या पावलाशी. चवड्यांवरून उसळता येतं, असं बसल्यावर उसळता येत नाही. उठायचं तर हात टेकून, हळूहळूच उठावं लागतं. मुलींनी तीन-चार वेळा प्रयत्न केला. ताई त्या जागेकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, उठूच नका, सरकत सरकत विंगेत निघून जा.

पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बघता बघता हे सगळं पाहत होता. या काय करून राहिल्या, असं त्याने मला विचारलं. खुरपायला शिकतायत, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "पुण्याहून इकडं यायला लागतं का त्याच्यासाठी?"

लातूरला आमचे यजमान गंजगोलाईच्या बाजारपेठेजवळ भांड्यांचं दुकान चालवणारे, गळ्यात शिवलिंगाची चांदीची पेटी घातलेले शांत गृहस्थ होते. येळवस (मार्गशीर्ष अमावास्येचा शेतातला सण) नुकतीच होऊन गेली होती. आमच्यासाठी त्यांच्या घरी पुन्हा भज्जी केली होती. ओले वाटाणे, तुरीचे दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवलेली ती दाट भाजी बाजरीच्या उंड्यांबरोबर (उकडलेल्या गोळ्यांबरोबर) खायची. यजमानांनी पूर्वी मुंबईत 'पात' पाहिलं होतं. त्या उसळीची वाट बघतोय, असं ते दोनदा म्हणाले. ताई जेवत होत्या.

लातूरचं नाट्यगृह भरलं होतं. 'पात' सुरू झालं आणि शेवटच्या भागात मुली टाचा टेकून बसल्या. सात पाठी हळूहळू सरकत होत्या, मधेच पाय बदलत होत्या. ते अगदी संथ होतं. दोन मुली चुकल्या, एकीची ओळ तिरकी गेली. सातही जणी विंगेत दिसेनाशा झाल्या तरी संगीत चालूच होतं आणि रंगमंच रिकामा होता. संपलं हे लोकांना कळायला वेळ लागला. टाळ्या पडल्या त्या सांभाळून. पहिल्या रांगेत आमचे यजमान हात मांडीवर ठेवून बसलेले मला दिसले. मैथिली विंगेत आली आणि तिने प्रथमच बर्फ न मागता पाणी मागितलं.

सत्कारानंतर ताई बोलायला उभ्या राहिल्या. काट्यांचं कुंपण, दिसलेल्या पाठी आणि न दिसलेले पाय, हे सगळं त्यांनी सरळ सांगून टाकलं. हा गौरव आनंदाने घेते, असंही म्हणाल्या.

"माझ्या अंदाजावर बऱ्याच मुली नाचल्या. त्यातल्या पाचजणींचे गुडघे गेले."

आणि त्यांनी पाच नावं घेतली. हातात कागद नव्हता. शेवटची तीन नावं मला ठाऊक होती. पहिली दोन माझ्या आधीची, मी कधी न ऐकलेली. ताईंना हे ठाऊकच नाही अशा समजुतीने मी नांदेडला गुरुद्वाऱ्याबाहेर त्यांना आकडा सांगितला होता. नावं घेऊन झाल्यावर त्या खाली बसल्या. सूत्रसंचालकाने आभार मानायला सुरुवात केली.

परतीला आम्ही औशावरून निघालो. चहासाठी थांबलो तेव्हा ताईंनी माझ्याकडे रेणुकाचा फोन नंबर मागितला. पाचातलं शेवटचं नाव तिचं. ताई उसाच्या ट्रॉलीपलीकडे जाऊन बोलत उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने दोनदा घड्याळ पाहिलं, पण हॉर्न वाजवला नाही. वीसेक मिनिटांनी परत आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "जिना उतरताना अजून दुखतं म्हणाली. तुझ्याकडे येईल."

पुढचा रस्ता मी बाहेर बघत काढला. उसाचे फड, मग सोलापूरचा बायपास, मग पुण्याची गर्दी. ताईंना तोंडावर सांगणारी मी एकटीच, असं मी दौराभर धरून चालले होते. एका अर्थी ते खरंही होतं. पण सांगायला मला सहा वर्षं लागली होती.

रेणुका पुढच्याच आठवड्यात आली. ती आता एका शाळेत शिकवते. तिला टेबलावर झोपवलं आणि सगळ्यांना विचारते तसं विचारलं, कधीपासून दुखतं, काय करताना सुरू झालं. ती म्हणाली, हे तुम्ही तेव्हाही विचारलं होतं. ती गेल्यावर मी कपाटातून तिचा जुना कागद काढला. तक्रारीच्या रकान्यात माझ्याच अक्षरात होतं, 'चवड्यांवर बसून चालताना दुखतं.' त्याखाली मी लिहिलं होतं, 'पट्टी बांधली. प्रयोगाला हरकत नाही.'