टॉवेलचा आवाज

"सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. मावशे, हळू पडतीयेस."

सुधामावशी स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघे टेकून गोधडीचा गठ्ठा दाबत होती. गठ्ठा काकांच्या जुन्या पट्ट्यानं आवळून बांधलेला. कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर, ओढणी कमरेला गुंडाळलेली. मी ओट्यावर बसून मोबाईलमध्ये सेकंद बघत होते. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबायचं, कमी नाय, जास्त नाय. माणसाचं हृदय बंद पडलं की ते आपण बाहेरून चालवायचं, एवढाच त्याचा अर्थ.

कुकरची तिसरी शिट्टी झाली. दाबता दाबताच ती म्हणाली, "सायली, गॅस बंद कर." मी केला.

"तीस," मी म्हणलं. "चल, दोन श्वास दे गोधडीला."

काका दारात उभे होते. नाथाकाका, मावशीचा नवरा. नाशिक रोडच्या प्रेसमधी कामाला आहेत, नोटा छापतात तिथं. रोज घरी आले की शर्टाची घडी घालून ठेवणारा माणूस. ते म्हणाले, त्या गोधडीत आमच्या आईची दोन लुगडी आहेत, जरा बेतानं. मावशीनं वर बघितलं नाय.

मावशी आमच्या नांदगावकडची, माझ्या आईची धाकटी बहीण. चार बहिणीतली एकटीच शिकली. नर्सिंग केलं, नाशकात लागली, आणि गेली चौदा वर्षं एकाच दवाखान्याच्या आयसीयूत आहे. तिथली सवय घरात पण आणलीय. आमच्या फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर पट्टी चिकटवलेली असती, त्यावर तारीख आणि वेळ. दुधाच्या पिशवीवर मार्कर. रात्रीची उरलेली भाजी खायची तरी आधी पट्टी वाचावी लागती. एकदा मी पट्टी काढून खोटी वेळ लिहिली होती, तर तिनं नुसता वास घेऊन सांगितलं की सहा तास जास्त झालेत.

मी दहावीच्या अर्ध्यात शाळा सोडली. गावात लय बोलणी खाल्ली. मावशी आली, आईला म्हणाली हिला माझ्याकडं पाठव, आणि मला वाटेत एकदाही विचारलं नाय की का सोडली. पाच वर्षं झाली, अजून विचारलं नाय. मी तोवर सहा नोकऱ्या बदलल्या. साडीचं दुकान, मोबाईलचं दुकान, कुरियर, असं काय काय. कुठंच बूड टेकलं नाय. आता अंबडला प्रेसशॉपमधी आहे, पत्रा दाबायच्या मशीनवर. तिथं टिकले, कारण तिथं बसावं लागत नाय. पण मावशीबद्दल कुणी वाकडं बोललं ना, तर मी त्याला सोडत नाय, मग तो कुणी का असंना.

तर गोष्ट अशी झाली की दवाखान्यानं कागद काढला. आयसीयूत ज्यांना राहायचं त्यांनी एसीएलएस पास करायचं. बंद पडलेलं हृदय चालू करायची परीक्षा ती. महिनाअखेरपर्यंत सर्टिफिकेट नसलं तर ओपीडीत जायचं, केसपेपर काढायला. मावशी सत्तेचाळीस वर्षांची. मी म्हणलं, तुला कसली परीक्षा, तू तर रोजच करतीस ते. ती म्हणाली, करणं वेगळं आणि कागद वेगळा.

पुस्तक सगळं इंग्लिशमधी. तिनं मराठीत चिठ्ठ्या केल्या आणि घरभर चिकटवल्या. फ्रिजवर औषधं, बाथरूमच्या दारावर ईसीजीचे आलेख. काका दाढी करता करता आलेख शिकले. वेडीवाकडी थरथरणारी रेष दिसली की म्हणायचे, हा आपल्या कॉलनीतला रस्ता, याला शॉक द्या. सरळ रेष दिसली की म्हणायचे, याला शॉक देऊन उपयोग नाय, हा दाबावा लागतो. आणि ते बरोबर होतं. लेखी पेपरात मावशीला पन्नासपैकी सत्तेचाळीस पडले, बेचाळीसला पास.

आणि प्रॅक्टिकलला ती नापास झाली.

त्या दिवशी ती घरी आली, हातपाय धुतले, पिठलं टाकलं. मला कळलं ते डब्यावरून. पिठल्याचा डबा फ्रिजमधी ठेवला आणि पट्टी चिकटवली नाय. मी म्हणलं, काय झालं ते सांग. मग तिनं सांगितलं.

त्या परीक्षेत खोलीत एक रबरी बाहुला असतो. चौघांची टीम, त्यात ज्याची परीक्षा तो लीडर. लीडरनं फक्त बोलायचं. तू दाब, तू औषध दे, तू शॉक दे. बाकीच्यांनी सांगितल्याशिवाय बोट हलवायचं नाय, असा नियम. मावशीच्या टीममधी त्यांच्याच दवाखान्यातले डॉक्टर उपेंद्र होते, सत्तावीस वर्षांचे. बाहुल्याचं हृदय बंद पडलं, मॉनिटरवर थरथरणारी रेष आली. मावशीनं सेकंदात ओळखली. आणि वळून म्हणाली, "सर, शॉक द्यायचा का?"

डॉक्टर उपेंद्रांच्या ओठांवर उत्तर होतं, पण बोलायची परवानगी नव्हती. परीक्षा घेणारी मॅडम घड्याळ बघत होती. मावशी परत म्हणाली, "सर, मशीन चार्ज करून ठेवलंय." परत कुणी हललं नाय. तिसऱ्यांदा म्हणाली, "सर, बघता का जरा?" तोवर वेळ संपली आणि बाहुला मेला.

मला लय राग आला. मी म्हणलं, त्या मॅडमचा नंबर दे, मी बोलते. तुला येतं सगळं हे त्यांना दिसत नाय का.

"मॅडम बरोबर होत्या," मावशी म्हणाली. "मला हुकूम देता येत नाय."

आणि ते खरं होतं. तिचं सगळं आयुष्य असंच गेलंय. दवाखान्यात सिस्टर डॉक्टरला सांगत नाय. सिस्टर विचारती. डॉक्टर यायच्या आधी इंजेक्शन भरून ट्रेमधी ठेवायचं आणि म्हणायचं, सर, भरून ठेवलंय. रिपोर्ट वर काढून ठेवायचा आणि म्हणायचं, सर, पोटॅशियम बघितलं का. म्हणजे डॉक्टरला वाटतं की त्यालाच सुचलं. किती तरी माणसं तिनं अशी वाचवलीत, विचारत विचारत. नवीन डॉक्टर तिच्या हाताखाली शिकून मोठे झाले आणि त्यांना वाटतं ती त्यांच्या हाताखाली होती. आता चौदा वर्षांची ती सवय अकरा दिवसांत मोडायची होती, कारण फेरपरीक्षा अकरा दिवसांनी.

पहिल्या दिवशी मी डॉक्टर झाले. काकांचा पांढरा शर्ट घातला, गळ्यात हेडफोन. काका पेशंट, खाली चटईवर आडवे. जिवंत माणसाला दाबायचं नसतं म्हणून त्यांच्या शेजारी गोधडी ठेवली. दाबायचं गोधडीला, सुई टोचल्यासारखं करायचं काकांना.

मावशी उभी राहिली. मी उभी राहिले. काका मेले.

"सर," मावशी म्हणाली.

"सर नाय," मी म्हणलं.

"डॉक्टर, जरा तुम्ही..."

"जरा नाय."

"मग काय म्हणू? तोंडातनं शब्दच निघत नाय, सायली. समोर पांढरा शर्ट दिसला की मान खाली जाती."

काका डोळे मिटूनच म्हणाले, तोवर मी चहा घेऊ का. मी त्यांना सांगितलं मेलेल्या माणसानं बोलायचं नसतं. ते म्हणाले, मग मेलेल्या माणसाला फरशी एवढी गार का लागती.

चार दिवस असेच गेले. ती रात्री झोपेत पण सर म्हणायची, असं काका म्हणाले.

पाचव्या दिवशी मी कामावरून आले, अंघोळ केली आणि ओला टॉवेल पलंगावर टाकला. मावशी ड्रेसला इस्त्री करत होती. मागं न बघता म्हणाली, "सायली, टॉवेल उचल. आधी उचल, मग मोबाईल." मी उचलला. उचलला आणि तिथंच थांबले.

मी म्हणलं, "मावशे, हाच."

"काय हाच?"

"हाच आवाज. ह्यात सर नाय, जरा नाय, का नाय. नाव घेतलंस, काम सांगितलंस, मी केलं. टॉवेलच्या आवाजात बोल."

ती म्हणाली, तू घरची आहेस, तुला काय. काकांचा तो पांढरा शर्ट पलंगावरच होता, तो मी उचलून कोपऱ्यात फेकला. म्हणलं, डॉक्टर खड्ड्यात गेला. मी सायली. मला झाप.

मग मी तिला आमच्या मशीनचं सांगितलं. प्रेसवर आम्ही दोघी असतो, मी आणि निकिता. एकीनं पत्रा सरकवायचा, दुसरीनं पेडल मारायचं. पेडल मारायच्या आधी ओरडायचं, "निकिता, हात बाहेर." ती पण ओरडती, "हात बाहेर." मगच पेडल. नाव आधी, कारण शॉपमधी आठ मशीन चालू असतात, नुसतं हात बाहेर म्हणलं तर सगळ्यांना ऐकू येतं आणि कुणालाच वाटत नाय की आपल्याला म्हणलं. आणि समोरची परत म्हणली नाय, तर ती हो म्हणली असं धरायचं नाय. आमच्याकडं एकानं धरलं होतं. त्याला आता साडेआठ बोटं आहेत.

मावशी इस्त्री बंद करून ऐकत होती. म्हणाली, पुस्तकात हेच लिहिलंय गं, इंग्लिशमधी. मी म्हणलं, मग पुस्तक शहाणं आहे.

त्यानंतर सहा दिवस आमच्या घरात दुसरं काही चाललं नाय. मावशी शिफ्ट करून यायची, मी अंबडवरून, काका आधीच चटईवर.

"सायली, दाबायला लाग."

"दाबायला लागले."

"सायली, ॲड्रेनॅलिन, एक मिलीग्रॅम."

"ॲड्रेनॅलिन, एक मिलीग्रॅम. दिलं."

"सायली, बाजूला हो. सगळे बाजूला. शॉक."

मीच दाबणारी, मीच औषधवाली, मीच शॉकवाली. मी इकडून तिकडं पळायची आणि ती बोट करायची. शेवटी शेवटी तर ती इतकी सुटली की काकांना पण म्हणाली, अहो, उठा, जिवंत झालात, भाकरी थापायला परात द्या. काकांनी दिली.

फेरपरीक्षेला मी तिला स्कुटीवर सोडलं. खाली चहाच्या टपरीवर थांबले. मला थांबता येत नाय. तीन चहा झाले. जिना चढून वर गेले, तर वॉचमननं खाली पाठवलं. परत गेले, परत पाठवलं. तिसऱ्यांदा गेले तर तो म्हणाला, ताई, तुमचा पेशंट कोण आहे? मी म्हणलं, रबराचा आहे.

दीडेक तासानं मावशी खाली आली. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात कागद. मी कागद ओढून घेतला. पास एवढं मला वाचता येतं.

"बोललीस?" मी विचारलं.

"बोलले."

"काय बोललीस?"

"ठरलं होतं तेच," ती म्हणाली, आणि स्कुटीवर मागं बसली. वाटेत भेळ खाल्ली. तिनं माझ्यातली शेव वेचून खाल्ली, जी ती एरवी कधीच खात नाय, तेलकट म्हणून. घरी काकांनी तो कागद प्लॅस्टिकमधी घातला आणि फ्रिजवर लावला. मावशीनं त्याला पण पट्टी चिकटवली, तारीख आणि वेळ. दोन वर्षांनी संपतो म्हणे तो.

ती आयसीयूतच आहे. अजून पण डॉक्टरांना सर म्हणती, भरून ठेवलंय म्हणती. फक्त पेशंटची नाडी गेली की मग विचारत नाय, असं तिथं झाडलोट करणाऱ्या मामी सांगतात. आणि घरात टॉवेल मी अजून पलंगावर टाकते. तिला सराव राहावा म्हणून, असं मी म्हणते.

दोन महिन्यांनी माझं बोट चिरलं. हातमोजे काढून पत्रा धरला, चूक माझीच. मावशीच्या दवाखान्यात गेले, टाके घालायला डॉक्टर उपेंद्र आले. केसपेपर बघितला, मग माझ्याकडं बघितलं, परत केसपेपर बघितला.

"सायली? सुधा सिस्टरांच्या घरची सायली?"

मी म्हणलं, हो, का. मला वाटलं आता मावशीबद्दल काहीतरी बोलणार, मी तयारच होते.

त्यांनी सांगितलं की फेरपरीक्षेला टीममधी ते परत होते. शिवाय एक सिस्टर, आणि एक भूलतज्ज्ञ, पिकलेल्या केसांचे, ज्यांच्यापुढं हे स्वतः अजून खुर्चीत बसत नाहीत. बाहुल्याचं हृदय बंद पडलं. मावशीनं त्या पिकलेल्या केसांच्या डॉक्टरांकडं बोट केलं आणि म्हणाली, "सायली, दाबायला लाग."

खोलीत कुणी हललं नाय. मग त्या डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला, गुडघे टेकले आणि म्हणाले, "दाबायला लागलो." मावशीला कळलंच नव्हतं ती काय बोलली. पुढं दहा मिनिटं तिनं तिघांनाही सायलीच म्हणलं, ज्याच्याकडं बोट त्यानं काम करायचं, आणि एकदाही गोंधळ झाला नाय. परीक्षा घेणाऱ्या मॅडमनी कागदावर पास लिहिलं आणि मावशी खाली गेल्यावर डॉक्टर उपेंद्रांना विचारलं, ही सायली कुठल्या दवाखान्यात डॉक्टर आहे.